जुना पीसी, जेलीफिन आणि दोन फुटी भिंती: घरचा मीडिया सर्व्हर आणि नेटवर्क असं लावा

फायबर घरात आलं, प्लॅन शंभरचा नाहीतर दोनशेचा, तरी माडीवरच्या टीव्हीवर लग्नाची शूटिंग लावली की गोल फिरत बसतं, ही तक्रार जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूर कुठेही जा, ऐकू येतेच, आणि मग कोणीतरी शहाणा सांगतो की प्लॅन वाढवा, मोठा राउटर घ्या, चार अँटेनावाला. थांबा जरा. घरातल्या घरात व्हिडिओ बघायला इंटरनेटचा प्लॅन कामालाच येत नाही. सर्व्हर, म्हणजे व्हिडिओ साठवून टीव्हीला देणारा पीसी, तुमच्या घरात, टीव्ही तुमच्या घरात, मधे एक राउटर, डेटा उंबऱ्याबाहेर जातच नाही. बाहेर गटारीसाठी जेसीबी लावला आणि फायबर तुटली तरी टीव्हीवर सगळं चालू राहिलं पाहिजे, तसं राहत नसेल तर गडबड घरातच आहे. ती गडबड तीनच ठिकाणी असते, वायर, फाइल आणि मशीन, आणि माझं मत विचाराल तर पहिला रुपया वायरीवर घाला आणि शेवटचा मशीनवर. लोक नेमकं उलटं करतात.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांच्याकडे लग्नाच्या डीव्हीड्या, शूटिंगवाल्याने दिलेले पेन ड्राइव्ह, जुन्या मोबाइलमधले फोटो, आजीने म्हटलेल्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यांचं रेकॉर्डिंग, गावातल्या सप्त्याचं कीर्तन असं सगळं इकडेतिकडे पडलंय आणि ते एका जागी आणून घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघायचंय, शिवाय सुरतला किंवा पुण्याला असलेल्या भावालाही दाखवायचंय. पिक्चर कुठून उतरवायचे ते इथे नाही, विचारू पण नका.

सॉफ्टवेअर वापरायचं जेलीफिन, सर्व्हरवरच्या फाइली टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, २०१८ च्या डिसेंबरात एम्बी नावाच्या अशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला कोड बंद केल्यावर त्यातूनच हे फुटून निघालं. प्लेक्स हे याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर दिसायला जास्त चकाचक आहे हे मान्य, पण २०२५ पासून घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला प्लेक्सवाल्यांना पैसे द्यावे लागतात, आणि आपल्याच आजीचं गाणं ऐकायला दुसऱ्याला भाडं द्यायचं हे काय मला पटत नाही.

आधी वायर

नियम एकच लक्षात ठेवा: सर्व्हर राउटरला लॅन केबलनेच जोडायचा, वायफायने नाही. सर्व्हर पण वायफायवर आणि टीव्ही पण वायफायवर असला की तोच डेटा हवेतून दोनदा जातो, एकदा सर्व्हरकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून टीव्हीकडे, म्हणजे स्पीड निम्म्यावर. टीव्हीपर्यंतही वायर नेता आली तर सोन्याहून पिवळं.

आपल्याकडे वायफायचा खरा दुश्मन भिंत. जुन्या गावठाणातलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल तर मातीची भिंत दीड-दोन फुटाची, त्यात ५ गीगाहर्ट्झचं वायफाय एका भिंतीत मेलंच समजा, २.४ कसंबसं पोचतं. नवीन बांधकामात भिंती पातळ पण वर सळयांनी भरलेला स्लॅब, म्हणजे खालच्या मजल्यावरून वर जायची बोंब. अशा घरात कितीही महागडा राउटर आणला तरी भिंत काय पातळ होत नाही. त्यापेक्षा वीस-तीस मीटर केबल आणि एक दुपार, काम संपलं.

केबल घेताना नीट बघा. दुकानात "कॅट सिक्स द्या" म्हटलं की बऱ्याचदा हातात येते ती सीसीए, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा नुसता मुलामा. एक तार सोलून ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर परत करा. ती वाकवली की तुटते, जोडात सैल पडते, आणि मग कधी चालतं कधी नाही असा भुताटकीचा प्रकार सुरू होतो. अस्सल तांब्याची कॅट फाइव्ह-ई मिळाली तरी चालेल, ती पण १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, देते. पूर्ण पेटी ३०५ मीटरची असते, तेवढी घ्यायची काही गरज नाही, मीटरवर सुटी मिळते.

नेताना लाइटच्या पाइपातून नेऊ नका, इलेक्ट्रिशियन म्हणेल पाइप आहेच की भाऊ, त्यातच ओढतो, तरी नाही म्हणा. २३० व्होल्टच्या शेजारी डेटाची वायर ठेवणं धोक्याचंही आहे आणि सिग्नललाही त्रास. शेजारून न्यायचीच वेळ आली तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर आडवी काटकोनात ओलांडा. गच्चीवरून जाणार असेल तर साधी करडी केबल मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकायला लागते, तिथे आउटडोअरची काळ्या आवरणाची घ्या किंवा सरळ पीव्हीसी पाइपात घाला. भिंतीला भोक पाडाल ते बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं पाडा आणि भोकाच्या आधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलीवरून ओघळत घरात न येता झोळाच्या टोकावरून खाली पडतं. धान्य किंवा कापूस भरून ठेवलेल्या खोलीतून नेणार असाल तर पाइप हवाच, उंदराला केबल फार आवडते. आणि यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला राहत असाल तर गच्चीवर लोंबती वायर ठेवूच नका, माकडं एका दिवसात निकाल लावतात. मातीच्या भिंतीला हॅमर मशीन लावायचं तर जपून, माती ढासळते, खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून जाता येत असेल तर ते बरं.

टोकाला जॅक लावायचा तर क्रिम्पिंग टूल घ्या किंवा केबलवाल्याच्या पोराला चहा पाजा. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवायचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची खिट्टी खाली आणि पिना वर तुमच्याकडे, मग डावीकडून हा क्रम. जोडून झालं की पीसीत नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा, १००० दिसलं पाहिजे. १०० दिसत असेल तर घाबरू नका, १०० ला फक्त चार तारा लागतात आणि १००० ला आठही, म्हणजे बहुतेक निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार बसली नाही, तेवढा जॅक कापा आणि परत लावा.

आता शंभर पण पुरत नाही का, असं कोणी विचारेल. बघायला बऱ्याचदा पुरतं. डीव्हीडीचा व्हिडिओ जास्तीत जास्त १० एमबीपीएसच्या आसपास असतो. आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की फोरके ३० फ्रेमला मिनिटाला १७० एमबी आणि ६० फ्रेमला ४०० एमबी लागतात, हिशोब केला तर साधारण २३ आणि ५३ एमबीपीएस. म्हणजे एकट्याला बघायला शंभर पुरे. पण एक टीबीचा डेटा सर्व्हरवर टाकायला शंभरच्या लाइनवर जवळजवळ पूर्ण दिवस आणि रात्र जाते, गिगाबिटवर हार्ड डिस्कने साथ दिली तर अडीच-तीन तास. आणि गंमत म्हणजे बऱ्याच स्मार्ट टीव्हीचा लॅन पोर्टच मुळात शंभरचा असतो, हे कंपन्या डब्यावर मोठ्या अक्षरात कशाला लिहितील.

राउटर: नवा घेण्याआधी

केबलवाल्याने दिलेला डबा म्हणजे ओएनटी, फायबर जिथे येऊन लागते तो भाग, आणि राउटर एकातच. त्याचे पोर्ट बघा, काहींमध्ये एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे शंभरचे, तो एक कुठला ते डब्याच्या मागे लिहिलेलं असतं. त्यात पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारा डबा, लावा, आणि सर्व्हर, टीव्ही, दुसरा राउटर सगळं त्या स्विचमध्ये. स्विचला सेटिंग-बिटिंग काही नसतं, खोचा आणि विसरा.

वर माडीसाठी दुसरा राउटर लावताना लोक एक गोष्ट विसरतात ती म्हणजे मोड. तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्येच टाकायचा, म्हणजे तो त्याच नेटवर्कचं नुसतं वायफाय देतो. राउटर मोडमध्ये राहिला तर तो स्वतःचं वेगळं नेटवर्क काढतो, खालच्यांचे नंबर १९२.१६८.१ ने सुरू आणि वरच्यांचे १९२.१६८.० ने, मग सर्व्हर आहे तरी खालच्या टीव्हीला वरचा सर्व्हर सापडत नाही आणि माणूस जेलीफिनला शिव्या घालत बसतो. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा म्हणजे मोबाइल घेऊन जिना चढताना आपोआप वरचं पकडतो. २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११ यातलंच घ्या, दोन्ही राउटरला वेगवेगळं, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. जळगावसारख्या ठिकाणी अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांचीच पंधरा वायफाय दिसतात, तिथे ४० वर ठेवलं तर सगळ्यांचाच गोंधळ.

नवा राउटर घ्यायचाच असेल तर डब्यावरचा १२०० नाहीतर १५०० चा आकडा बघू नका, त्याचे पोर्ट गिगाबिट आहेत का ते वाचा. १२०० लिहिलेल्या स्वस्तातल्या राउटरांमध्ये शंभरचे पोर्ट सर्रास असतात, म्हणजे वर वायफाय कितीही पळो, वायरीतून शंभरच येणार. मेश सिस्टीमचं, म्हणजे दोन-तीन डबे मिळून एकच वायफाय देतात त्याचं, पण तेच, दोन डबे आपसात हवेतून बोलणार असतील तर मधली मातीची भिंत तिथेही आडवी आहेच. मागून वायर जोडली तर मेश छान चालतं, पण वायर नेलीच आहे तर मग साधा राउटरही तेच काम करतो ना.

शेवटचं काम, राउटरच्या पानावर जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये सर्व्हरचा नंबर पक्का करून टाका, समजा १९२.१६८.१.५०. नाहीतर लाइट जाऊन आली की नंबर बदलतो आणि टीव्हीवरून "चालत नाही" म्हणून हाक येते.

मशीन

घरात पडलेला जुना पीसी चालेल का? बहुतेक वेळा हो. फाइल टीव्हीला जशीच्या तशी कळत असेल तर सर्व्हरला फक्त ती उचलून द्यायची असते, त्याला डायरेक्ट प्ले म्हणतात, आणि त्यासाठी दहा वर्षं जुना आय थ्री पण भरपूर झाला. टीव्हीला फाइल कळत नसेल तर सर्व्हर ती चालता चालता बदलून देतो, त्याला ट्रान्सकोडिंग, आणि तिथे घाम फुटतो. त्यासाठी इंटेलची सातवी पिढी किंवा पुढची बरी, कारण दहा बिटच्या एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटचा व्हिडिओ हार्डवेअरवरच उलगडायची सोय तिथपासून आहे. नवीन घ्यायचं तर इंटेल एन१०० वाला मिनी पीसी घ्या, ६ वॅटचा प्रोसेसर, आवाज नाही, जागा नाही. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर या कामाला मी घेणार नाही, त्यात व्हिडिओ एन्कोड करायचं हार्डवेअरच नाही.

लाइट बिलाचं पण बघून घ्या. सगळं मिळून १५ वॅट खाणारं मशीन चोवीस तास चालू ठेवलं तर महिन्याला जेमतेम ११ युनिट, आणि जुना डेस्कटॉप ६० वॅट खात असेल तर ४३ युनिट. फुकटचा पीसी वर्षाअखेर फुकटचा राहतोच असं नाही. जुना लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी म्हणजे घरबसल्या यूपीएस, पण चार्जिंगची मर्यादा ६० नाहीतर ८० टक्क्यांवर लावा, कायम १०० वर आणि वरून उन्हाळा, बॅटरी फुगते. फुगलेली दिसली की काढूनच टाका.

विंडोज ठेवायचं की लिनक्स? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे जात नाही, म्हणजे जुन्या पीसीवर डेबियन किंवा उबुंटू टाकणंच शहाणपणाचं. घाबरायचं कारण नाही, जेलीफिनच्या साइटवर दोन्हींसाठी एका ओळीची कमांड दिलेली आहे, ती जशीच्या तशी टाका, मग दुसऱ्या कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा नंबर, पुढे कोलन आणि ८०९६ टाइप करा, सेटअपचं पान उघडतं.

लिनक्सवर हमखास अडकायची जागा सांगून ठेवतो. लायब्ररी जोडली, फोल्डर निवडलं, आणि आत काहीच दिसत नाही. फाइली आहेत, तुम्हाला दिसतात, जेलीफिनला दिसत नाहीत. कारण जेलीफिन स्वतःच्या वेगळ्या युजरने चालतं आणि त्याला त्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी नसते, नुसत्या शेवटच्या फोल्डरची नाही तर वरपासून खालपर्यंत वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची लागते. म्हणून हार्ड डिस्क डेस्कटॉपवरून क्लिक करून उघडलेली तशीच वापरू नका, एफएसटॅब नावाच्या फाइलीत यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख नंबर, टाकून एका पक्क्या जागी माउंट करा, म्हणजे जोडा, आणि सोबत नोफेल हा पर्याय लिहा, नाहीतर कधी डिस्क निघाली तर मशीन सुरूच होत नाही. इंटेलचं ट्रान्सकोडिंग चालू करायला जेलीफिनच्या युजरला रेंडर ग्रुपमध्ये घाला आणि डॅशबोर्ड, प्लेबॅक, ट्रान्सकोडिंग इथे क्विक सिंक निवडा.

फाइली, म्हणजे खरं काम

इथे वेळ जातो आणि जायलाच पाहिजे. जुन्या लग्नाच्या डीव्हीड्यांपासून सुरुवात करा, कारण त्या दरवर्षी खराब होत चालल्यात. पुसायची तर मऊ कोरड्या कपड्याने मधून बाहेर सरळ, गोल गोल नाही. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डीव्हीडीचं फोल्डर उघडलं की तो सगळे भाग दाखवतो. आपल्या घरगुती डीव्हीडीला काही कुलूप नसतं. फॉरमॅट एमपी४, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी, एवढं ठेवलं की जगातला कुठलाही टीव्ही ते थेट चालवतो, ट्रान्सकोडिंगची भानगडच संपली.

पण एक सेटिंग सोडू नका. त्या काळच्या कॅमेऱ्यांची शूटिंग इंटरलेस्ड आहे, म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची. तशीच बदलली तर हळदीत नाचणाऱ्या माणसांच्या हाताला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात, जेवढा जोरात नाच तेवढ्या जास्त. फिल्टरमध्ये डीइंटरलेस चालू करा, याडिफ निवडा आणि त्यात बॉब हा पर्याय, फ्रेम रेट सोर्सप्रमाणे ठेवा, मग प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र होऊन नाच एकदम वाहत्या पाण्यासारखा दिसतो, जसा तेव्हा टीव्हीवर दिसायचा तसा. कॅमेऱ्याच्या एमटीएस फाइली असतील त्यांनाही हेच. व्हीएचएस कॅसेट असेल तर आधी खिडकीतून आतली टेप बघा, पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, टेपही जाते आणि प्लेअरचं हेडही.

लायब्ररी बनवताना प्रकार विचारतं, तिथे "मूव्हीज" नाही, "होम व्हिडिओज आणि फोटोज" निवडा. मूव्हीज निवडलं तर जेलीफिन इंटरनेटवर नाव शोधत जातं आणि वहिनीच्या हळदीला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवून येतं, मग आजी विचारते "हाई काय शे?" (हे काय आहे?) आणि तुमच्याकडे उत्तर नसतं.

नावं देताना आधी वर्ष, महिना, दिवस आणि मग प्रसंग, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. तारखेचे आकडे इंग्रजीत टाका, पुढचं नाव खुशाल मराठीत, काही अडचण येत नाही. फक्त लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट खातं, म्हणजे ८५ चिन्हांत बसवा, "चि. सौ. कां." पासून मामाच्या गावापर्यंत सगळी पत्रिका फाइलच्या नावात घालू नका. फोल्डर आपल्या घरच्या हिशोबाने करा, लग्नं, बारसं, कानबाई, आखाजी, सप्ता, शेत, हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या. भरीत पार्टीचे व्हिडिओ वेगळे काढाच, तेच सगळ्यात जास्त बघितले जातात.

गाण्यांना म्युझिकची वेगळी लायब्ररी. तिथे फोल्डरपेक्षा फाइलच्या आतला टॅग चालतो, कलाकार, अल्बम, गाणं. आजीचं नाव कलाकारात टाका, अल्बममध्ये "आखाजी" आणि वर्ष. आवाज एएमआर नाहीतर थ्रीजीपी असल्या जुन्या मोबाइलच्या फॉरमॅटमध्ये असेल तर एकदा एमपी३ करून घ्या, पण मूळ फाइल फेकू नका. फोटो खूप असतील तर जेलीफिनवर ओढाताण करण्यापेक्षा इमिच हे फोटोंचं सॉफ्टवेअर वेगळं टाका, चेहरे ओळखून लावतं, मोबाइलमधून आपोआप बॅकअप घेतं, फक्त मशीनमध्ये आठ जीबी रॅम असू द्या.

टीव्हीवर आणि घरच्यांच्या हातात

अँड्रॉइड टीव्ही असेल तर प्ले स्टोअरमध्ये जेलीफिन आहे. तुमच्या टीव्हीच्या स्टोअरमध्ये सापडलं नाही तर टीव्हीशी भांडू नका, एक अँड्रॉइड टीव्हीची स्टिक लावा. नाना-आईसाठी वेगळा युजर करा, त्याला डिलीटचा अधिकार नको, पासवर्ड रिकामा ठेवला तरी चालतो, पण मग त्या युजरचं बाहेरून जोडणं बंद करून टाका. होम स्क्रीनवर त्यांना दोनच लायब्ररी दिसतील असं करा. रिमोटवर एक बटण जास्त दाबावं लागलं की माणसं परत मोबाइलवर रील बघायला लागतात.

काही अडकलं तर डॅशबोर्डवर बघा, चालू व्हिडिओ डायरेक्ट आहे की ट्रान्सकोड होतोय ते आणि का होतोय ते तिथे लिहून येतं. नव्वद टक्के डोकेदुखी त्या एका ओळीत सुटते.

सुरतहून कसं बघायचं

पूर्वी पोर्ट फॉरवर्ड करायचे, म्हणजे राउटरमध्ये बाहेरून सर्व्हरपर्यंत वाट उघडायचे. आता बऱ्याच कनेक्शनवर ते होतच नाही, कारण सीजीनॅट, म्हणजे कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देते. राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या कनेक्शनच्या, पानावर बघा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात आणि बाहेरून कोणी सरळ येऊ शकत नाही. आणि सीजीनॅट नसलं तरी जेलीफिनचा ८०९६ पोर्ट उघडा टाकू नका, रस्त्याकडचं दार सताड उघडं टाकून शेतात गेल्यातला प्रकार आहे तो.

टेलस्केल टाका, ते तुमची मशीनं इंटरनेटवरून एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडतं. आतून वायरगार्ड ही कुलूपबंद जोडणी वापरतं, सीजीनॅटमधूनही वाट काढतं, घरगुती वापराला फुकट आहे, अँड्रॉइड टीव्हीवरही चालतं. सर्व्हरवर टाका, भावाच्या मोबाइल-टीव्हीवर टाका, मग टेलस्केलने दिलेला सर्व्हरचा नंबर आणि ८०९६, झालं. इथे मात्र तुमच्या प्लॅनचा अपलोड स्पीड कामाला येतो, तो मोजून बघा, आणि जेलीफिनमध्ये बाहेरच्या स्ट्रीमिंगची मर्यादा ८ एमबीपीएसवर लावा. भावाकडे व्हिडिओ फारच अडखळत असेल तर टेलस्केलच्या स्टेटसमध्ये कनेक्शन थेट आहे की रिले आहे ते बघा, रिले असेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरमधून वळसा घालून चाललंय, तिथे स्पीडची आशा ठेवू नका.

ऊन आणि लाइट

पुण्या-मुंबईकडच्या लोकांच्या गाईड्समध्ये हे कधी नसतं आणि आपल्याकडे हेच निम्मं काम आहे. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. बहुतेक हार्ड डिस्कची कंपनीने दिलेली वरची मर्यादा ६० अंश असते, म्हणजे खोलीच ४५ असेल तर हातात फक्त पंधरा अंश उरले. सर्व्हर माळ्यावर नको, पत्र्याच्या खोलीत नको, टीव्हीच्या बंद कपाटात तर अजिबात नको. तळमजल्यावर, खाली, भिंतीपासून वीतभर सोडून. ज्या मातीच्या भिंतीने वायफाय अडवलं तीच भिंत इथे कामाला येते, धाब्याच्या खोलीत दुपारीही बाहेरपेक्षा बराच गारवा असतो आणि वायर तर तुम्ही नेलेलीच आहे. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, गार लागतं पण ओल सोबत येते, पिनांवर गंज चढतो. डिस्कचं तापमान लिनक्सवर स्मार्टसीटीएलने आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोने दिसतं, दुपारी तीनला बघा, पन्नासच्या वर जात असेल तर समोर एक पंखा बसवा. दिवाळीला आणि आखाजीच्या आधी ब्लोअर मारून आतली धूळ काढा, कापसाच्या हंगामात पंख्याच्या जाळीवर जी गादी तयार होते ती बघून तुम्हालाच नवल वाटेल.

लाइट जाते-येते त्याचं असं करा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो बऱ्याच जणांना माहीत नसलेला, तो यूपीएसवर केला की लाइट गेल्यावर इन्व्हर्टर लवकर लागतो आणि पीसी रिस्टार्ट होत नाही. इन्व्हर्टर नसेल तर ओएनटी आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, घेताना दोन्ही ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा, दोघांची बेरीज यूपीएसच्या आत बसली पाहिजे. मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे चालू होताच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, लाइट परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग असते, ती लावा, म्हणजे तुम्ही शेतात असताना घरून फोन येणार नाही. अर्थिंग तपासून घ्या. वळवाचा पाऊस गडगडायला लागला की गच्चीवरून आलेली तांब्याची लॅन केबल काढून ठेवा. फायबर स्वतः काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही, पण ओएनटीचा ॲडाप्टर भिंतीतच असतो, तो पण काढा.

बॅकअप आणि अपडेट

दोन डिस्कची रेड, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तोच डेटा, लावली म्हणजे बॅकअप झाला असं नाही, चुकून फोल्डर डिलीट केलं तर दोन्हीकडून एकदमच जातं. एक वेगळी डिस्क घ्या, तिच्यावर सगळी कॉपी, आणि ती डिस्क घरात ठेवू नका, बहिणीकडे, सासरी, कुठेही दुसऱ्या गावात. सणाला आणायची, नवीन भर टाकायची, परत द्यायची. वर्षातून एकदा तिच्यातले दोन-चार व्हिडिओ खरंच लावून बघा.

जेलीफिनचं मोठं अपडेट आलं की त्याच दिवशी घाई करू नका. २०२५ च्या ऑक्टोबरात १०.११ आलं तेव्हा आतला सगळा डेटाबेस नव्या पद्धतीत बदलला गेला आणि मोठ्या लायब्ररीला त्यात बराच वेळ लागतो, मधेच बंद केलं तर पंचाईत. आधी सर्व्हिस थांबवा, जेलीफिनच्या कॉन्फिग आणि डेटा या दोन्ही फोल्डरांची कॉपी काढून ठेवा, मग अपडेट करा, आणि घरात पाहुणे येऊन लग्नाची शूटिंग लावायचा बेत असेल त्या दिवशी तर हातच लावू नका.